नऊ चाळीसचा पडदा

सकाळी आठच्या सुमारास, कागदगिरणीच्या मागल्या अंगाला असलेल्या एका चिंचोळ्या खोलीत, संगणकाचा पडदा चौथ्यांदा काळा झाला आणि चौथ्यांदा तीच चौकट पुन्हा समोर येऊन उभी राहिली: नाव लिहा, परवलीचा शब्द लिहा. गिरणीच्या जोडाऱ्याने, म्हणजे फिटरने, दोन्ही लिहिले. पडदा क्षणभर अंधारला आणि पाचव्यांदा तीच चौकट आली. शब्द चुकला असे यंत्र म्हणत नव्हते, कारण शब्द बरोबर होता. यंत्र त्याला आत घेत होते आणि त्याच पावली, अवाक्षरही न बोलता, बाहेर काढीत होते.

"या या म्हणायचं आणि तोंडावर दार लावून घ्यायचं," खुर्चीच्या पाठीमागून ताई म्हणाली. "आमच्या धाकट्या आत्याची रीत आहे ही. भाऊजी, काल संध्याकाळपर्यंत हे धड होतं की नाही?"

"होतं, ताई."

"मग काल संध्याकाळी काय झालं?"

जोडारी कळफलकावर वाकला. काल संध्याकाळी काय झाले ते त्याला पक्के ठाऊक होते. संगणकाची प्रणाली जुनी झाली, तिची नवी आवृत्ती निघाली आहे, असे त्याने वाचले होते आणि कोणी सांगितलेले नसताना, निव्वळ कर्तव्यबुद्धीने, त्याने ती नवी आवृत्ती चढवली होती. ही प्रणाली युनिक्सच्या घराण्यातली. तिला हुकूम अक्षरांनी द्यावा लागतो, आणि दिलेला हुकूम ती पाळते. हुकूम देणारा शहाणा आहे की वेडा याची चौकशी ती करीत नाही. जोडारी सातवीपर्यंत शिकलेला, पान्हे आणि नळ यांच्यात वाढलेला माणूस. परंतु पुस्तके लावून लावून त्याने ही विद्या मिळवली होती, आणि तीन वर्षांपूर्वी या खोलीत हा पडदा त्यानेच बसवला होता. गिरणीत त्याचा जो काही मान होता तो या पडद्यामुळे होता.

ताई ही त्याच्या बायकोची थोरली बहीण. या पडद्यासमोर बसणे हे तिचे काम. खोलीच्या भिंतीपलीकडे, वीस पावलांवर, लगद्याचे टाके होते. जमिनीत दोन पुरुष खोल, वरून माणूस कसाबसा उतरेल एवढे तोंड, आत लोखंडी शिडी. गिरणीतला सगळा लगदा या टाक्याच्या तळाशी असलेल्या जाळीतून पुढे जात असे आणि आठवड्याकाठी ती जाळी चोंदत असे. मग कोणीतरी खाली उतरून ती हाताने मोकळी करायची. कुजलेल्या लगद्यातून जी हवा सुटते ती प्रथम सडक्या अंड्यासारखी वास मारते. वास येतो आहे तोवर माणूस सावध असतो. तीच हवा वाढली की नाक मरते, वास येईनासा होतो, आणि आता हवा सुधारली असे त्या माणसाला वाटू लागते. त्यानंतर त्याच्या हाती फार वेळ उरत नाही.

म्हणून टाक्यात हवा मोजणारे एक यंत्र बसवलेले होते आणि त्याचा आकडा या पडद्यावर दिसत असे. दोनतीन असला की हिरवा दिवा. दहाच्या वर गेला की तांबडा, आणि भोंगा आपोआप वाजे. भोंगा ऐकला की तोंडापाशी रहाटावर बसलेल्या मुकादमाने दोर ओढायचा. ताज्या हवेचा पंखा चालू आहे की बंद, तेही पडद्यावरच. पडदा बंद असला की टाक्यात कोणी उतरायचे नाही, हा गिरणीचा कायदा.

आणि कायद्याच्या आधीपासूनची एक रीतही होती. खाली उतरणाऱ्याने आपला वरचा माणूस स्वतः निवडायचा. कोणे एके काळी इथे एक माणूस गेला होता. वर बसलेला तेव्हा तंबाखू मळीत होता. त्या दिवसापासून असे ठरले की ज्याला खालच्याच्या जिवाची सर्वांत जास्त पर्वा असेल त्यानेच वर बसावे. ताईचा नवरा, म्हणजे जोडाऱ्याचा थोरला साडू, ज्याला सारी गिरणी पाणबुड्या म्हणे, तो गेली अकरा वर्षे टाक्यात उतरत होता. त्याने पहिल्याच दिवशी आपल्या बायकोकडे बोट केले होते. "ही माझ्यावर घरीही नजर ठेवते," तो म्हणाला होता, "इथे ठेवायला काय जातंय?"

आज जाळी पहाटेच चोंदली होती.

मुकादम दारात येऊन उभा राहिला. जाडजूड, सदा घाईत असलेला मनुष्य. "किती वेळ?"

"बघतोय."

"बघू नका, करा. अर्धी गिरणी उभी आहे. दुपारपर्यंत लगदा पुढे गेला नाही तर कढईत घट्ट होईल आणि मग तो कुदळीने काढायला तुम्हालाच बसवीन, पंडित."

"पडद्याशिवाय कोणी उतरायचं नाही," ताई म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण मुकादमाने मान हलवली.

त्याच्या मागून पाणबुड्या आला. अंगात पट्ट्यांचा साज आधीच चढवलेला, हातात पान्हा. "काय साडूबुवा, पेटी रुसली?"

"रुसली नाही दादा. दार उघडतंय, पण आत घेत नाहीये."

"मग माझ्यासारखं करा ना. सासुरवाडीला मला पहिल्या खेपेला आत घेतलं नव्हतं. मी मागच्या दाराने गेलो."

ताई म्हणाली, "आणि मांजर समजून आईने लाटणं मारलं, ते सांगा की."

सगळे हसले. जोडारीही हसला, परंतु त्या थट्टेत त्याला एक वाट दिसली. या यंत्रालाही मागचे दार होते.

त्याने कळफलकावरची तीन बटणे एकदम दाबली. रंगीत चौकट गेली आणि निव्वळ काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली. चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत; फक्त अक्षरे आणि उघडझाप करणारी एक खूण. इथे त्याने ताईचे नाव आणि तोच शब्द दिला, आणि यंत्राने त्याला निमूटपणे आत घेतले.

"म्हणजे घर शाबूत आहे," तो पुटपुटला. "फक्त दिवाणखाना उघडत नाही."

त्याने यंत्राची रोजनिशी उघडली. यंत्र जे जे करते ते ते त्यात लिहून ठेवते. ओळींमागून ओळी सरकू लागल्या. कपाळाला आठ्या घालून, बोटाने ओळ धरून, तो वाचत राहिला. एका ठिकाणी बोट थांबले. एक छोटीशी फाईल होती, जिला दिवाणखान्याची किल्ली म्हणता येईल. ती उघडताना यंत्राने लिहिले होते: परवानगी नाही. फाईल कोणाच्या नावावर आहे ते त्याने विचारले. उत्तर आले आणि त्याचे कान तापले.

किल्ली ताईच्या नावावर नव्हती. ती मूळ मालकाच्या नावावर होती. प्रत्येक यंत्रात एक असा सर्वाधिकारी असतो ज्याला काहीही करण्याची मुभा असते, आणि पंधरा दिवसांपूर्वी एक किरकोळ काम लवकर उरकावे म्हणून जोडाऱ्याने त्या सर्वाधिकाऱ्याच्या नावाने हा दिवाणखाना उघडला होता. तेव्हाच किल्लीवरचे नाव बदलले. यंत्र त्यानंतर बंदच केलेले नव्हते, म्हणून काही कळले नाही. काल नवी आवृत्ती चढवून त्याने ते बंद करून चालू केले, आणि दार लागले. दोन्ही चुका त्याच्याच होत्या.

"सापडलं?" ताईने विचारले.

"सापडलं. किल्लीवर भलत्याचंच नाव पडलं होतं."

"कोणाच्या हातून?"

"असं होतं कधी कधी," जोडारी म्हणाला, आणि ताईकडे न पाहता त्याने एका ओळीचा हुकूम लिहून किल्ली तिच्या नावावर केली.

दार उघडले. परंतु आतले दृश्य पाहून ताई पुढे वाकली.

दिवाणखाना ओळखीचा नव्हता. एक निळीकाळी पार्श्वभूमी, तळाशी एक रुंद पट्टी, आणि तीही चार वेळा लुकलुकून नाहीशी झाली. नव्या आवृत्तीला जुन्या मांडणीचे नियम पचत नव्हते. कोणती वस्तू कुठे ठेवायची, कोणता रंग द्यायचा, हे सारे एका कप्प्यात लिहून ठेवलेले असते. जोडाऱ्याने तो संपूर्ण कप्पा उचलून बाजूला ठेवला, त्याचे नाव 'जुने' असे केले, आणि यंत्राला नवा कोरा कप्पा करू दिला. पट्टी लुकलुकायची थांबली. मग त्याने हवा मोजण्याचा कार्यक्रम अक्षरांचा हुकूम लिहून हाताने सुरू केला. खिडकी उघडली: आकडा चार, दिवा हिरवा, पंखा चालू. पलीकडे मुकादमाने चाचणीचे बटण दाबताच भोंगा दणकन वाजला.

"झालं!" मुकादम ओरडला. "चला, उतरा!"

"थांबा," ताई म्हणाली. ती पडद्यासमोर बसली होती आणि तिचा चेहरा बदलला होता. "हा माझा पडदा नाही."

"आकडा तोच आहे, ताई."

"आकडा तोच आहे, पण इथे कोपऱ्यात आहे. माझा इथे असायचा, मधोमध. पंखा इथे. घड्याळ वर. भाऊजी, तीन वर्षं झाली, मी आता बघतसुद्धा नाही. डोळा आपला आपण जातो. काही हललं की इथे," तिने छातीवर हात ठेवला, "इथे कळतं. या नव्यात मला शोधावं लागेल, आणि मी शोधत बसले तर ते खाली..." तिने वाक्य सोडून दिले.

तिचे म्हणणे जोडाऱ्याला पटले. यात त्याचा मोठेपणा होता आणि यातच त्याचा घात होता. निष्काळजी मनुष्य असता तर त्याने खांदे उडवले असते, ताई कुरकुरत त्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहत बसली असती, आणि ही कथा सांगण्याची वेळ आली नसती.

पडद्यासमोर कसे बसावे याच्या सूचना त्याने तीन वर्षांपूर्वी लिहिल्या होत्या आणि त्यासाठी संपूर्ण पडद्याचे एक चित्र यंत्राकडूनच काढून ठेवले होते. ते चित्र त्याने शोधून काढले. जुने सारे त्यात जसेच्या तसे होते. आता नवी मांडणी त्याच्याशी तंतोतंत जुळवायची कशी? गवंडी दोरी धरतो, शिंपी कागद ठेवून कापतो; जोडाऱ्याने ते चित्रच पडद्याची पार्श्वभूमी म्हणून लावले, कडेपासून कडेपर्यंत. मग खऱ्या खिडकीची चौकट काढून टाकली आणि ती चित्रातल्या खिडकीवर अशी नेऊन ठेवली की रेषेवर रेष बसली. रंग बदलले, अक्षरांचा आकार बदलला. खालची नवी पट्टी ताईला खुपत होती, तीही काढून टाकली. शेवटी शेवटी खरे कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होते हे त्याचे त्यालाच ओळखू येईना. आपल्या हस्तकौशल्याचे त्याला मनातल्या मनात कौतुक वाटले.

खालचे चित्र काढून टाकावे असे एकदा त्याच्या मनात आले. परंतु त्याने विचार केला, झाकलेले तर आहे. पुढच्या खेपेला काही हलले तर पुन्हा जुळवायला उपयोगी पडेल. राहू दे.

"एकदा बंद करून चालू करतो," तो म्हणाला. "आपण होऊन येतंय का ते बघू. नाहीतर उद्या वीज गेली की पुन्हा बोंब."

यंत्र बंद झाले, चालू झाले. काळा पडदा, ओळी धावल्या, चौकट आली, ताईने आपला शब्द लिहिला. आणि दिवाणखाना उघडला तो पहिल्यासारखा. मधोमध आकडा, तीन. हिरवा दिवा. पंखा चालू. सारे जिथल्या तिथे.

ताईने सुस्कारा सोडला. "हा बघा. हा माझा."

भोंग्याची चाचणी पुन्हा करावी असे कोणाला सुचले नाही. तासाभरापूर्वीच तो वाजलेला सर्वांनी ऐकला होता.

सव्वाअकरा झाले होते. जोडाऱ्याने खिशातला फोन काढून त्या पडद्याचा एक फोटो घेतला, घरी दाखवायला. मग फोन मेजावर ठेवून तो टाक्याच्या तोंडापाशी गेला. मुकादमाने दोर साजाला अडकवला. पाणबुड्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पान्ह्याने शिडीवर तीन ठोके दिले. ठण, ठण, ठण.

ही त्याची जुनी खोड. पडदा येण्यापूर्वी दर दोन मिनिटांनी खालून असे तीन ठोके यायचे आणि वरच्याने नळावर तीन ठोके देऊन उत्तर द्यायचे, असा शिरस्ता होता. पडदा बसल्यावर जोडाऱ्यानेच सूचनापत्रात लिहिले: ठोके देण्याची आवश्यकता उरलेली नाही. त्यावर पाणबुड्या उतरताना एकदा मुद्दाम ठोके देई, निव्वळ त्याला चिडवायला.

"आवश्यकता नाही, दादा," जोडारी नेहमीप्रमाणे म्हणाला.

"तुमच्या पेटीला कमीपणा वाटत असेल तर तिची माफी मागतो," पाणबुड्या म्हणाला आणि अंधारात गेला.

जोडारी परत खोलीत डोकावला. ताई डोळ्यांत तेल घालून बसली होती. पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "भाऊजी, आज टाकं गुणी आहे हो. एरवी आकडा कसा दोन, चार, तीन, पाच, असा वळवळत असतो. आज तीनवर बसलाय तो बसलाय. नवी आवृत्ती चांगली दिसते तुमची."

"चांगलीच आहे," जोडारी म्हणाला. स्तुतीने तो सुखावला. सकाळपासून पोटात काही नव्हते. घर गिरणीच्या फाटकापासून दहा मिनिटांवर. फोन उचलून तो निघाला.

वाटेत त्याला एकदा अकारण थांबावेसे वाटले. फाटकाजवळच्या भिंतीला टाक्याच्या पंख्याची मोटर लावलेली होती. ती नेहमीसारखी घुमत होती. किंबहुना नेहमीपेक्षा हलकी, मोकळी घुमत होती. ओझे नसलेले यंत्र असे घुमते हे जोडाऱ्याला, जन्मभर यंत्रांत वावरलेल्याला, कळायला हवे होते. त्याचे पाऊल क्षणभर अडले. मग त्याला भूक आठवली.

बायकोने ताट वाढले. त्याने जेवता जेवता सकाळची सारी हकिकत सांगितली, किल्लीवरचे नाव कोणामुळे बदलले तेवढे सोडून. मग फोन पुढे केला. "बघ. जुन्याची हुबेहूब नक्कल. तुझी बहीण म्हणाली, हा माझा."

बायकोने फोन हातात घेतला. ती फोटो नीट पाहणारी बाई होती. लग्नाच्या फोटोत कोणाच्या साडीला पीन नाही तेही तिला दिसे. "छान आहे," ती म्हणाली. मग: "अहो, हे घड्याळ मागे आहे का?"

"कुठलं घड्याळ?"

"हे वर. नऊ चाळीस झालेत याच्यात. तुम्ही तर म्हणालात सव्वाअकराला काढला."

जोडाऱ्याचा घास हातातच राहिला.

नऊ चाळीस. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी, नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, त्याने ते चित्र काढले होते. त्या वेळी आकडा तीन होता. त्या वेळी पंखा चालू होता.

आणि मग एकामागून एक सारे त्याच्या ध्यानात येत गेले, रोजनिशीतल्या ओळी सरकाव्यात तसे. यंत्र सुरू होताच हवा मोजण्याचा कार्यक्रम आपोआप सुरू करावा, हा हुकूम त्याने मांडणीच्या कप्प्यातच लिहून ठेवला होता. तो कप्पा त्याने उचलून बाजूला ठेवला होता. जुने. पहिल्या खेपेला कार्यक्रम त्याने हाताने सुरू केला. बंद करून चालू केल्यावर तो कोणीच सुरू केला नाही. पडद्यावर होते ते निव्वळ चित्र. भोंगा त्या कार्यक्रमाच्या हाती होता, आणि कार्यक्रम झोपलेला होता. ताई पाऊण तास एका चित्राकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होती.

मोटर हलकी का घुमत होती, हेही त्याला त्याच क्षणी कळले. मोटरवरून पंखा फिरवणारा पट्टा तुटला होता.

"काय झालं? अहो?"

"फोन लाव त्यांना! मुकादमाला लाव! दादांना वर काढा म्हणावं!" तो उष्ट्या हाताने, अनवाणी धावत सुटला. मागून बायकोची हाक आली, की घंटी वाजतेय, कोणी उचलत नाही. टाक्यापाशी फोन नेत नाहीत. ठिणगीच्या भीतीने तो नियमही त्यानेच लिहिला होता.

दहा मिनिटांची वाट त्याने किती वेळात कापली ते त्याला नंतर कधीच सांगता आले नाही. फाटक, भिंत, तशीच घुमणारी मोटर. "ओढा!" तो दुरूनच ओरडला. "मुकादम, ओढा!"

मुकादम रहाटापाशी स्टुलावर बसला होता. तो चकित होऊन उठला. "का? भोंगा नाही वाजला!"

"वाजणार नाही! ओढा!"

आरडाओरडा ऐकून ताई खोलीच्या दारात आली. एक पाय बाहेर, एक आत; पडद्यावरची नजर सोडवत नव्हती. "भाऊजी, ओरडताय का? सगळं हिरवं आहे. हे बघा ना, तीनच आहे."

तिथे पडलेला दुसरा पान्हा उचलून जोडाऱ्याने नळावर तीन ठोके दिले. ठण, ठण, ठण. तिघांनी टाक्याच्या तोंडाकडे कान दिला. टाक्यातून काहीही आले नाही.

तेव्हा ताईला कळले. ती आली, मुकादमाच्या शेजारी रहाटाची दांडी धरली, आणि तिघांनी मिळून फिरवली. दोर आधी सैल होता, मग ताणला. मग जड झाला. जिवंत माणूस वर येताना शिडीला हात लावतो, पायाने जोर देतो. हे ओझे तसे काही करीत नव्हते. ते भिंतीला आपटत, गोल फिरत वर आले. पाणबुड्याचे डोके छातीवर पडलेले होते आणि ओठांचा रंग ओल्या पाटीसारखा झाला होता. त्याच्या उजव्या मुठीत पान्हा होता. बोटे सोडवता येईनात इतका घट्ट.

जमिनीवर आडवा घातला तेव्हा श्वास नव्हता. मुकादमाने छाती दाबायला सुरुवात केली. घाईच्या त्या माणसाने त्या दिवशी एकदाही घाई केली नाही, मोजून दाबले. ताईने नवऱ्याच्या तोंडात आपला श्वास घातला, पुन्हा घातला. कितव्या खेपेला कोण जाणे, पाणबुड्याच्या घशातून दार करकरल्यासारखा आवाज निघाला. तो श्वास होता. त्याला गिरणीच्या गाडीत घातले, ताई बसली, मुकादम बसला, गाडी गेली.

जोडारी एकटा खोलीत आला. पडदा शांत होता. आकडा तीन, दिवा हिरवा, पंखा चालू. वेळ नऊ चाळीस. त्याने पडद्यावरचा बाण हलवला. बाण हिरव्या दिव्यावरून, आकड्यावरून, घड्याळावरून असा सरकत गेला, जशी भिंतीवरून माशी चालावी. काहीच त्याला अडले नाही, कशानेच त्याची दखल घेतली नाही. मग जोडाऱ्याने मागच्या दाराने जाऊन तो हुकूम लिहिला. खिडकी चित्रावर येऊन बसली, रेषेवर रेष. आकडा एकशेबेचाळीस. सारा पडदा तांबडा झाला आणि डोक्यावर भोंगा वाजू लागला. तो वाजतच राहिला. गिरणीतली माणसे कामे टाकून टाक्याकडे धावली, कोण राहिलं आत, कोण राहिलं म्हणून एकमेकांना विचारू लागली. आत कोणी नव्हते. जोडाऱ्याने भोंगा बंद केला नाही. तो खुर्चीच्या मागे उभा राहून ऐकत राहिला.

दुपारी चारला तो दवाखान्यात पोचला. वाटेतच, दवाखान्यातून परतणाऱ्या मुकादमाला गाठून त्याने सारे सांगितले होते: चित्र, कप्पा, आणि किल्लीही. मुकादम त्याच्या अनवाणी पायांकडे पाहत राहिला होता.

पाणबुड्याला एका कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवले होते. तोंडावर हवेची नळी, डोळे मिटलेले. डॉक्टरांनी सांगितले होते की रात्र जाऊ द्या, मग बोलू. मेंदूला किती वेळ हवा मिळाली नाही ते आत्ता कोणी सांगू शकत नाही. उशाशी एक यंत्र होते. त्यावर एक हिरवी रेघ आणि रक्तातल्या प्राणवायूचा आकडा, जो शंभराच्या जवळ हवा: अठ्ठ्याऐंशी. कोपऱ्यात छोटे घड्याळ.

ताई खाटेच्या कडेला बसली होती. त्या यंत्राकडे तिने पाठ केली होती. तिचा तळहात नवऱ्याच्या छातीवर होता. दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने ती खाटेच्या लोखंडी दांडीवर हळूच ठोके देत होती. तीन. मग थांबे, वाट पाही. पुन्हा तीन.

"ताई," जोडारी म्हणाला. "चूक माझी आहे. सगळी. किल्लीवर नावसुद्धा माझ्याच हातून पडलं होतं."

तिने ठोके तसेच चालू ठेवले. रागाने बोलली असती तर त्याला बरे वाटले असते.

"मी पाऊण तास बघत होते," ती अखेर म्हणाली. "एकदाही पापणी लवू दिली नाही. आणि टाकं गुणी आहे म्हणत होते." मग तिने मान किंचित वळवली, यंत्राच्या दिशेने, पण त्याच्याकडे पाहिले नाही. "भाऊजी, ते मागचं खरं आहे का चित्र आहे?"

"खरं आहे, ताई."

"बघून सांगा."

जोडारी यंत्रापाशी गेला. अठ्ठ्याऐंशी. हिरवी रेघ. अठ्ठ्याऐंशी. त्याने कोपऱ्यातल्या घड्याळावर डोळे लावले: चार वाजून सतरा मिनिटे. तो वाट पाहत उभा राहिला. मागे दांडीवर तीन ठोके पडले, आणि शांतता. घड्याळ सतरावरच होते. पुन्हा तीन ठोके, पुन्हा शांतता. खाटेवरून काहीही उत्तर नाही. सतरा. एवढे मोठे मिनिट त्याने आयुष्यात पाहिले नव्हते. हेही नुसते चित्र असेल तर, असे त्याच्या मनात आले, आणि तो विचार त्याला पुरा करवेना.

सतराचे अठरा झाले. आकडा अठ्ठ्याऐंशीवरून सत्त्याऐंशीवर आला.

"हललं," तो म्हणाला.

"वर गेलं का खाली?"

जोडाऱ्याने तोंड उघडले. सकाळी तो म्हणाला असता, असं होतं कधी कधी.

"खाली, ताई. एकाने."

ताईने मान डोलावली. छातीवरचा हात तिने तसाच ठेवला आणि दुसरा हात पुन्हा दांडीकडे नेला.